पाटीखालचा माणूस

आमच्या नागावात मुख्य रस्त्यावरून किनाऱ्याकडे वळायच्या तोंडाशी एक पाटी आहे. तिच्यावर मराठीत लिहिलंय, इंग्रजीत लिहिलंय, शिवाय ज्यांना दोन्ही भाषा येत नाहीत त्यांच्यासाठी हातभर लांबीचा बाण काढलाय. शनिवारी सकाळी अलिबागला जायला मी त्या पाटीखाली मिनीडोरची वाट बघत उभा असतो. मुंबई-पुण्याकडची गाडी येते, बरोबर पाटीखाली थांबते, काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "काका, बीच कुठे?"

मी बोट वर करून बाण दाखवतो.

"हो, ते दिसलं. पण नक्की ना?"

आता अरबी समुद्र काही भाड्याच्या घरात राहत नाही, की परवा इथे होता आणि काल खोली बदलली. तरी मी म्हणतो, "हो, सकाळीच बघून आलोय. आहे जागेवर." मगच गाडी वळते.

वर्षानुवर्षं मी या लोकांना हसत आलो. एवढी शिकली-सवरलेली माणसं, पाटी वाचायला काय होतं यांना? मग 2024 च्या पावसाळ्यात माझ्या लेकीला पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली, आणि पुढचे सात-आठ महिने मी स्वतः काच खाली करून फिरत होतो.

त्याच जुलैत एक शासन निर्णय निघाला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मुंबईहून निघाला तेव्हा निर्णय असा होता. अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरेपर्यंत त्यातले प्रवर्ग गळाले. आक्षीला अट गळाली. नागावात पोचला तो 'मुलींना सगळं फुकट' एवढाच. चौलला त्याला लॅपटॉप जोडला गेला आणि रेवदंड्याला स्कूटी. पुढे कुंडलिकेची खाडी आडवी आली म्हणून बरं, नाहीतर मुरूडला पोचेपर्यंत मुलीचं लग्नही सरकारनेच लावून दिलं असतं, मानपानासकट.

शेजारचे नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. बातमी कळताच ते गडग्यावरून डोकावले.

"दाखले काढून ठेव आधी."

"कुठले, नाना?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे सुटे पैसे असतात तसे. कुठला लागेल सांगता येत नाही, पण नसला की वाटेत उतरवतात."

हा मला मिळालेला पहिला सल्ला. दुसरा मिनीडोरमध्ये मिळाला. आमच्या मिनीडोरमध्ये कायद्याने सहा आणि प्रेमाने अकरा माणसं बसतात. मी नुसतं "शिष्यवृत्ती" म्हटलं आणि अकरा योजना पुढे आल्या. त्यातली एक राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. नागावहून हे नाव म्हणायला सुरुवात केली, की शेवटच्या 'योजना'ला आक्षी येते. दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना; ती साखर खाडीच्या पुलावर संपली. ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "पंजाबरावच भरा. भत्ता पोरीच्या खात्यात येतो. मागे एकाचा आला होता."

"कोणाचा?"

"ते माहीत नाही. पण आला होता."

तिसरा सल्ला पनवेलच्या मेहुण्याचा. तो फोनवर एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही काही करू नका. माझी ओळख आहे." आपल्याकडे 'ओळख' हे सर्वांत मोठं शासकीय खातं आहे. त्याला इमारत नाही, खिडकी नाही, जेवणाची सुट्टी नाही. मेहुण्याच्या ओळखीचा माणूस आधी रजेवर होता, मग निवडणुकीच्या कामावर होता, आणि शेवटी कळलं की तो पाटबंधारे खात्यात आहे.

चौथा सल्ला घरातून आला. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एकदा कॉलेजातच विचारा ना."

"त्यांना काय माहीत!" मी म्हटलं, आणि नानांकडे गेलो.

पहिला दाखला उत्पन्नाचा. तलाठ्याचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो. भाऊसाहेबांनी साधा प्रश्न विचारला, "वर्षाचं उत्पन्न किती?" हा प्रश्न मला आयुष्यात कोणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. माझं उत्पन्न नारळ-सुपारीवर, नारळ-सुपारी पावसावर आणि पाऊस कोणावर ते वेधशाळेलाही माहीत नाही. शिवाय मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो. त्या पाहुण्यांसमोर मी वाडीचा मालक असतो, पतपेढीसमोर गरजू शेतकरी असतो आणि बायकोसमोर "या महिन्यात हातात काही उरलं नाही" असा असतो. तिघांची बेरीज कधीच केली नव्हती.

बेरीज बायकोने केली. तिच्याकडे अठरा वर्षांच्या वह्या होत्या. माडावर चढणाऱ्याला दिलेल्या मजुरीपासून पाहुण्यांनी मोडलेल्या कपापर्यंत सगळं त्यात. आकडा आठ लाखांच्या खूपच खाली निघाला, म्हणून मी खूश झालो. बायको झाली नाही. तिने पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारलं, "मग हे दर महिन्याचे अडीच हजार कुठे गेले?" उत्पन्नाचा दाखला मुदतीत हातात आला. त्या अडीच हजारांची चौकशी मात्र अजून चालू आहे.

मग अल्पभूधारकाचा दाखला. आमची वाडी चौदा गुंठ्यांची आणि सातबाऱ्यावर नावं बावीस. पणजोबांपासून कोणाचंच नाव कमी झालेलं नाही. दोघं तर असे आहेत, की त्यांना घरात कोणी पाहिलेलंच नाही. माझ्या वाट्याचा हिशेब केला तेव्हा एक गुंठाही भरेना. भाऊसाहेब चष्म्यातून बघत म्हणाले, "तुम्ही अल्पभूधारक नाही हो. तुम्ही कुंडीधारक आहात." हे वाक्य त्यांनी हळू म्हटलं असतं तरी चाललं असतं. मागे माझे सासरे उभे होते. त्यांना लग्नात 'नागावला वाडी आहे' असं सांगितलं होतं.

आता अर्ज. तो भ्रमणध्वनीवरून भरता येतो, फक्त रेंज हवी. आमच्याकडे ती विहिरीच्या काठावर मिळते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात त्या कोपऱ्यातले सहा माड आडवे झाले. तेव्हापासून तिथे आभाळ मोकळं झालं आणि सिग्नलचे दोन दांडे आले. नुकसानभरपाई म्हणतात ती हीच असावी. तर मी विहिरीच्या काठावर एक पाय आत, एक पाय बाहेर असा बसलो आणि गावाचं नाव निवडायच्या रकान्यात आलो.

रायगड जिल्ह्यात एक नागाव नाही. आमचं एक, उरणचं एक. शिवाय आमच्याच तालुक्यात थळच्या बाजूला नवगाव आहे. पहिल्यांदा माझं बोट उरणच्या नागावावर पडलं. सुधारायला गेलो तर नवगाव. तिसऱ्यांदा बरोबर पडलं, पण तोवर लेकीच्या आधारवर गावाच्या शेवटी 'ओ-एन', दहावीच्या दाखल्यावर 'ए-व्ही' आणि माझ्या रेशनकार्डावर नुसताच ठिपका असल्याचं लक्षात आलं. मी एका मदतवाहिनीला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकली. मग पलीकडून हिंदीत आवाज आला, "कहाँ से बोल रहे हैं?"

"नागाव."

"असम?"

आसामात नगाव नावाचा अख्खा जिल्हा आहे आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग आमच्यासारखंच, हे मला तेव्हा कळलं. मी घाईने म्हटलं, "नहीं नहीं, अलिबाग!"

"अच्छा, आप अलीबाग से हैं क्या?"

हे वाक्य मुंबईत कोणाला मूर्खात काढायचं असलं की म्हणतात. त्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकासुद्धा गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. आजवर कोणी मला असं म्हटलं की मी हातघाईवर यायचो. पण पलीकडचा बिचारा अगदी मनापासून पत्ता विचारत होता. एक पाय विहिरीत सोडून बसलेल्या मी, तितक्याच मनापासून, सांगितलं, "हो. अलीबाग से ही हूँ."

कागदपत्रं चढवताना कळलं, की एकेक 256 केबीच्या आत हवं. माझ्या सातबाऱ्याचा फोटो बावीस नावांमुळे की काय, चार एमबीचा झाला. संगणकवाल्या पोराने तो दाबून दाबून असा लहान केला, की पणजोबा आणि आजोबा एकच दिसायला लागले. लेकीच्या फोटोचंही तेच झालं. कपाळ कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते ते सांगता येईना. मला एकदम 1913 साल आठवलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार झाला, सही झाली, बोट सुटली. मी हे नानांना ऐकवलं. नाना म्हणाले, "त्यांनी अभ्यासही केला होता ना? तुम्ही बापलेक दोन महिने फोटोच दाबताय."

अशा वेळी पालकांसाठी मार्गदर्शन मेळावा असल्याचं कळलं. मी दहाच्या मेळाव्याला साडेनऊला गेलो, मधली खुर्ची पकडली. साडेअकराला दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. प्रत्येक पाहुण्याला शाल आणि श्रीफळ. तिसऱ्या श्रीफळाला मी ओळखलं. परवाच मी व्यापाऱ्याला दिलेल्या ढिगातलं होतं. शेंडीपाशी कोयत्याचा वार होता. मी दहा रुपये कमी भावाने दिलेला नारळ असा व्यासपीठावर चाललेला बघून ऊर भरून आला. आमच्या घरातून सरकारदरबारी विनाअडथळा पोचलेला तेवढा एकच अर्ज.

एक वाजता मार्गदर्शक उभे राहिले. सात मिनिटं बोलले. त्यांचं शेवटचं वाक्य होतं, "सविस्तर माहिती संकेतस्थळावर आहेच. काही शंका?"

मी हात वर केला. "साहेब, कागदपत्रं कुठली लागतात आणि शेवटची तारीख कोणती?"

साहेबांनी काही न बोलता अंगठा मागे केला. त्यांच्या पाठीमागे भिंतभर फलक होता. त्यावर योजना, कागदपत्रं, तारीख, सगळं हाताएवढ्या अक्षरांत. मी साडेतीन तास त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो आणि तो मला शोभेचा वाटला होता.

"दिसलं का?" साहेब म्हणाले.

"हो, ते दिसलं," माझ्या तोंडून निघून गेलं. "पण नक्की ना?"

अर्ज गेला. एकदा परत आला, कारण हमीपत्रावर लेकीच्या जागी मी सही केली होती आणि पालकाच्या जागी लेकीने. पुन्हा गेला. हिवाळा आला, पोपट्या लागल्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला दिसायला लागल्या, आणि एका दुपारी लेकीला निरोप आला, की रक्कम जमा झाली. आम्ही पासबुक भरून आणलं. त्यात काहीच नव्हतं. बँकेच्या यंत्राने फक्त एक कोरी ओळ सोडली होती, बहुधा सहानुभूती म्हणून.

गावाने तातडीची बैठक घेतली. मिनीडोरवाला म्हणाला, "मधल्यामध्ये कापले." मेहुणा म्हणाला, "माझी ओळख आहे." नाना बराच वेळ माडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आसामला गेले असणार."

"अहो, कॉलेजात..." बायको म्हणाली.

"त्यांना काय माहीत!"

चौथ्या दिवशी लेकीचा फोन. "बाबा, पैसे सापडले. आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. आधार दहा खात्यांना जोडलेलं असेल, पण सरकारी पैसे शेवटी सीड केलेल्या एकाच खात्यात येतात. माझं ते आठवीतलं खातं आहे."

म्हणजे आपल्या वाडीच्या पाटासारखं, मी मनात म्हटलं. वाफे कितीही असोत, दार ज्या वाफ्याचं मोडलंय तिकडेच पाणी जाणार. आणि आम्ही सगळे कोरड्या वाफ्यात उभे राहून पंपाला शिव्या देत होतो.

आठवीतल्या खात्याची गोष्ट मात्र माझ्या अंगावर शेकणारी होती. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं त्यात निवडली गेली, की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये थेट खात्यात. लेक परीक्षेला बसली आणि मी निकालाच्या आधीच खातं उघडून, आधार जोडून मोकळा झालो. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. तिचं थोडक्यात हुकलं. ते खातं आम्ही विसरलो, पण खातं आम्हाला विसरलं नव्हतं. पासबुक शोधायला घर पालथं घातलं. ते देव्हाऱ्याच्या डुगडुगत्या पायाखाली मिळालं. पाच वर्षं त्याने देवांना सरळ उभं ठेवलं होतं.

"पण तुला हे सांगितलं कोणी?" मी लेकीला विचारलं.

"कॉलेजात समान संधी केंद्र आहे बाबा, कँटीनच्या शेजारी. शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शनासाठीच असतं ते. तिथल्या मॅडमनी दहा मिनिटांत बघून दिलं."

"आणि केंद्र आहे हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बाहेर पाटी आहे. वाचली."

पोरगी सहा महिन्यांत पुणेकर झाली होती. ज्या शहरात दारावरच्या घंटीपासून चपला कुठे काढाव्यात इथपर्यंत सगळं लिहून ठेवतात, तिथे राहून माणसाला वाचायची सवय लागणारच. बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. त्या न बोलण्याचा आवाज थेट किनाऱ्यापर्यंत गेला असणार.

अलिबागला जाऊन खात्याचं काम उरकून परत येताना मिनीडोर आक्षीला बंद पडली. अकराही सल्लागार खाली उतरून इंजिनाला सल्ला द्यायला लागले. मी बाजूला झालो, तर समोर आक्षीचा शिलालेख. शके 934, म्हणजे इ.स. 1012. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून अभ्यासक याचं नाव घेतात. आमच्या शाळेत मात्र पहिलं मराठी वाक्य श्रवणबेळगोळचं म्हणून घोकून घेतलं होतं. घरापासून हाकेच्या अंतरावरचा दगड, पण पहिल्या यादीत त्याचंही नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीत लागलं. मजकूर दानाचा आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कोणी तरी या किनाऱ्यावर काहीतरी देऊ केलं, ते नीट दगडावर कोरलं आणि सगळ्यांना दिसेल असं उभं केलं. त्या काळातल्या असल्या कोरीव दगडांवर पुष्कळदा शेवटी शापही असे, दान बुडवणाऱ्याला. न वाचणाऱ्यांसाठी शेजारी गाढव कोरायचे, गद्धेगाळ म्हणतात त्याला. आमच्या पाटीवरच्या बाणाचा खापरपणजोबाच तो. मला खात्री आहे, तेव्हाही त्या दगडाखाली एक माणूस उभा असणार आणि सगळे त्यालाच विचारत असणार, "पण नक्की ना?"

एवढ्यात एक मोटारसायकल थांबली. मागची मुलगी म्हणाली, "काका, हे काय लिहिलंय?"

मी तो लेख कधीच वाचलेला नाही. मला ती अक्षरं लागतही नाहीत. पण विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणणं आमच्या रक्तात नाही. "दानाचं आहे," मी म्हटलं. "पूर्वी थेट द्यायचे. सीडिंग नव्हतं." ती दोघं फोटो काढून निघून गेली. ही माहिती आता कुठवर गेली असेल, देव जाणे.

तेव्हापासून गावात माझा दर्जा वाढलाय. संध्याकाळी ओट्यावर पालक येऊन बसतात. परवा एक जण कागद घेऊन आला. मी त्याला आधार, सीडिंग, पाट, वाफा, देव्हाऱ्याचा पाय, सगळं दीड तास समजावलं. तो चाचरत म्हणाला, "पण दादा, कॉलेजच्या पाटीवर तर वेगळं लिहिलंय. यंदा बदललंय म्हणे..."

"पाटीवर काय, लिहिलेलं असतंच," मी म्हटलं. "तू माझं ऐक."

आत भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

गेल्या शनिवारी मी पुन्हा पाटीखाली उभा होतो. पुण्याकडची गाडी आली, थांबली, काच खाली झाली. पुढे नवरा-बायको, मागे वेणीवाली एक मुलगी पुस्तकात डोकं घालून.

"काका, बीच कुठे?"

मी आत वाकलो. "बारावीला का ही? प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या बरं का. आणि आधार कुठल्या खात्याला सीड आहे? आठवीत एखादं उघडलं होतं का? आठवा, आठवा. देव्हाऱ्याखाली बघितलंत?"

गाडीत क्षणभर शांतता झाली. मग काच हळूहळू वर गेली. ड्रायव्हरने मान वर करून पाटी वाचली आणि गाडी आपली आपण किनाऱ्याकडे वळली.